जिजी आणि गोळ्यांच्या डब्या

माझ्या सासूबाईंनी एका संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या बायकांच्या शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

डॉक्टर नव्हत्या त्या. गंगापूरकडच्या, सिडकोत येऊन ब्लाउज शिवणाऱ्या. पण त्या बोलल्या की बायका ऐकायच्या. मीसुद्धा ऐकायचे, कुरकुरत का होईना.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सगळे त्यांना जिजी म्हणायचे. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. जिजींनी ती नाक मुरडत घेतली आणि घरात फर्मान काढलं.

"खाणं बदललं की जाईल समदं. काहून जन्मभर गोळ्या खायच्या?"

मग काय! भात बंद. चहातली साखर बंद. रोज ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू आणि सकाळी कॉलनीच्या बागेत चकरा.

लग्नाला गेल्या तरी पिशवीत स्वतःची भाकरी. जिलबी वाढणाऱ्याकडं अशा बघायच्या की तो बिचारा पुढच्या पानावर पळायचा.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. नव्हतं.

शुगर खरंच उतरली. डॉक्टरांनी आधी डोस कमी केला, मग रिपोर्ट बघत बघत गोळी थांबवली. "पण हे प्रत्येकाला जमत नाही. आणि तपासणी सोडू नका," असंही बजावलं.

ते शेवटचं जिजी बहुतेक रिक्षातच विसरल्या.

कारण त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मेथीदाण्याच्या पुड्यांचं वाण लुटलं. वर भाषण ठोकलं.

"बायांनो, माझी गोळी सुटली. तुमची बी सुटंल. भाकर खा, चाला आन् गोळ्या द्या फेकून!"

टाळ्या पडल्या.

त्या बायकांत शेजारच्या नसीमआपा होत्या. दरवर्षी यायच्या. त्यांना कुंकवाऐवजी अत्तर लावायचं, ही आमच्या घरची पद्धत.

आपांची शुगर जिजींपेक्षा फार जुनी. गोळ्याही जास्त. पण जिजींवर जीव. घरी गेल्या आणि गोळ्या कपाटावर टाकल्या.

बाकीच्या बायका पोरांच्या ओरड्यानं लवकरच पुन्हा गोळीवर आल्या. आपांनी मात्र जिजींचा शब्द पाळला. घरात मटणाचा नानखलिया शिजायचा आणि या बाई भाकरीबरोबर मेथी खायच्या.

उन्हाळ्यात त्यांच्या पायाला चपलेनं फोड आला. तो भरेना. मग अंगठा काळसर पडायला लागला.

जिजींनी पाय बघितला आणि विचारलं, "गोळी घेतीस ना गं?"

"नक्को बोले थे ना तुम, जिजी. तबसे बंद है."

 जिजी चप्पल न घालताच रिक्षा बघायला पळाल्या.

दवाखान्यात शुगर तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचेल का, आत्ता सांगता येत नाही.

"पण पथ्य तर माझ्यापरीस कडक पाळती व्हती ही," जिजी म्हणाल्या.

"पथ्य चांगलंच आहे, जिजी. तुमचं त्यावर भागलं. यांचं नुसत्या पथ्यावर भागणार नाही. यांना औषधही पाहिजे."

त्यानंतर प्रत्येक ड्रेसिंगला जिजी सोबत. घरात कुणाशी धड बोलायच्या नाहीत. जेवताना मध्येच म्हणायच्या, "रेखा, त्या बाईचा पाय गेला तर मी कुठं तोंड दाखवू गं?"

मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

पाय वाचला. अंगठाही वाचला.

दुसरी कुणी असती तर तिथंच विषय मिटवला असता. आपांची काही तक्रार नव्हती, गल्लीत कुणाला नीटसं माहीतही नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला जिजींनी गुलमंडीच्या बाजारातून वाण आणलं. गोळ्या ठेवायच्या डब्या. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक खण.

"अहो जिजी, हळदीकुंकवाला गोळ्यांच्या डब्या? बायका हसतील!"

"हसू दे. हसल्या म्हंजी ध्यानात ठेवतील."

घर भरलं. जिजी उभ्या राहिल्या. 

"गेल्या साली म्या तुमाला चुकीचं वाण लुटलं. माझी गोळी म्या नाय सोडली, डॉक्टरनं तपासून सोडवली. ते म्या सांगितलंच नाय. त्यापायी नसीमचा पाय जात व्हता. भाकर बी खा, गोळी बी घ्या. आन् गोळी कमी करायची तर डॉक्टरला इचारा, मला नाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नसीमआपा उठल्या. पहिली डबी त्यांनी घेतली आणि हात पुढं केला. "जिजी, अत्तर तो लगाव."

मी या बाईशी आयुष्यभर भांडले. भाजीतल्या मिठावरून, पडद्यांच्या रंगावरून. पण भरल्या घरात उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. फार अभिमान वाटला मला त्यांचा.

पुढं वय वाढलं तशी जिजींची शुगरही पुन्हा चढली. गोळी सुरू झाली.

मी चिडवलं, "काय जिजी, हरलात का?"

"त्यात काय हरायचं? चष्मा लागला तवा हरले व्हते का मी?"

गोळी घ्यायच्या आणि चालायला निघायच्या. भाकरीची पिशवी शेवटच्या लग्नापर्यंत सोबत होती.

आणि आपा घरी आल्या की जिजी आधी त्यांना चप्पल काढायला लावायच्या. पाय उलटसुलट बघायच्या. चहा नंतर.

अगदी अंथरुणाला खिळल्या तरी हे चुकलं नाही.

आता मलाही शुगर निघालीय. पथ्य आहे, गोळी आहे. डबी जिजींचीच वापरते.

आज सकाळी आपा फाटकाशी आल्या. "चलो रेखा, जिजी का चलने का टाइम हो गया."

आम्ही दोघी बागेत गेलो. मी आधी दमले, आपा नाही.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं. चहा ठेवण्याआधी म्हटलं, "आपा, चप्पल काढा."

जिजी, आज मी बघितला.

आपांचा पाय चांगला आहे.

नमस्कार करते.