परत आलेली गादी

मुलाचं सामान पणजीला पोहोचवून टेम्पो परत आला, तेव्हा मागच्या फळीला टेकून एक गादी तशीच उभी दिसली. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात तिकडे राहिले. गादी तेवढी घरी आली. ती माझी होती. मी कधी राहायला गेले तर हवी, म्हणून ते निघायच्या आधी मुद्दाम कापूस पिंजून भरून घेतली होती.

सुनेचा फोन आला. "आई, रागावू नका हं. इथल्या भाड्यात एवढीच खोली मिळाली. ती गादी पसरली की दारच उघडत नाही."

"चला, म्हणजे चोराची भीती नाही," मी म्हणाले. ती हसली आणि मग बराच वेळ नाक ओढत राहिली. मागून नात ओरडत होती, "आजी, समुद्र केवढा मोठ्ठाय!"

आमच्याकडे पाहुणा येणार असला की आधी गादी उन्हात पडते. घरात किती माणसं मावतात हे आम्ही खोल्यांवरून कधी मोजलंच नाही, अंथरुणांवरून मोजलं. मुलगा मला विसरला असं नाही. तिथे जागाच नाही. रागवायला कोणी सापडत नाही, हेच अवघड आहे.

टेम्पोत गादी दमट झाली होती. गच्चीवर नेऊन टाकली, दोन्ही बाजूंनी झोडपली. संध्याकाळी पाहिलं तर कापूस छान फुगला होता. आता तर ती त्या खोलीत मुळीच मावली नसती.