कडब्याच्या खोलीतली हलगी

माझं काम लोकांना समजावणं अवघड जातं. एखादं वाद्य घ्यायचं, त्याचा एकेक ठोका वेगवेगळा रेकॉर्ड करायचा: हळू, जोरात, मधोमध, काठावर. मग ते सगळे ठोके कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे. जगात कुठंही बसलेल्या माणसानं पट्टी दाबली की ते वाद्य वाजतं. पोटासाठी मी पुण्यात जाहिरातींना संगीत देतो. हे मात्र हौसेनं करतो आणि इंटरनेटवर फुकट वाटतो. फुकट वाटतो हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं बायको म्हणते.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, हलगी करायची ठरवली. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव. वडील मास्तर होते. ते गेल्यापासून आई तिथं एकटीच राहते. गावात हलगी वाजवणारे आता एकच उरलेत, सत्तरीचे, आईच्याच वयाचे. मी त्यांना मामा म्हणतो. लग्न असो, जत्रा असो, पोळा असो, मामांची हलगी पुढं. त्यांचं घर गावाच्या पार खालच्या अंगाला, आणि आमच्याकडं ते आयुष्यभर अंगणापर्यंतच आलेले. का, ते आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

रेकॉर्डिंगला आवाज घुमणार नाही अशी खोली लागते. आदल्या वर्षी एका मित्राचा तबला मी आमच्या बैठकीत रेकॉर्ड केला होता. घरातल्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, पडदे ओढले, झालं काम. या वेळी मात्र मला अचानक कडब्याची खोली आठवली. घरामागची, पत्र्याची, आमचं शेत कसणाऱ्या बटईदाराच्या पेंढ्यांनी वरपर्यंत भरलेली. कडब्यात आवाज मुरतो, हे मी स्वतःला इतक्या हुशारीनं पटवलं की माझं मलाच कौतुक वाटलं. येताना दुकानातून कागदी कपही घेऊन आलो.

सकाळी मामा आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला नवा फेटा. मी त्यांना अंगणातूनच घराला वळसा घालून मागं नेलं. ते दारात थांबले.

"दादा, हितं?"

"इथं आवाज चांगला येतो, मामा."

"पर हितं जाळ करता येत न्हाय. कडबा हाय."

हलगीला जाळ लागतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. चामडं तापलं की ती खणखणीत बोलते, निवलं की सैल पडते. बैठकीत साधी विजेची शेगडी ठेवली असती तरी भागलं असतं. कडब्यात काडीसुद्धा ओढता येत नाही. हलगीसाठी अशी खोली निवडणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर त्याच्या मनात दुसरंच काही असतं. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी माइकची वायर सोडवत बसलो.

मग दिवसभर तेच. खोलीपासून लांब, परसाच्या टोकाला त्यांनी पालापाचोळ्याचा जाळ केला. हलगी तापवायची, उन्हातून चालत आत यायचं, दहा-पंधरा ठोके द्यायचे, आवाज उतरला की पुन्हा बाहेर. वरून पत्रा तापलेला. दुपारपर्यंत फेटा उतरवून त्यांनी मांडीवर घेतला होता. कुरकुर एकदाही नाही. "आजून पायजे का?" एवढंच विचारायचे, आणि मी कानाला हेडफोन लावून निर्लज्जासारखा "अजून दहा" म्हणायचो. चहा कागदी कपात दिला. मीही कागदी कपातूनच प्यालो, फरक दिसू नये म्हणून.

ते गेल्यावर आई म्हणाली, "त्यांना कडब्यात कशाला बसवलंस रे एवढ्या उन्हाचं? बैठक रिकामीच होती की. आणि हे कागदाचे कप कशाला? घरात कप न्हाईत का?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आईला मी विचारलंच नव्हतं. ती नको म्हणेल असं धरून चाललो होतो, आणि तसं धरणं माझ्या सोयीचं होतं. पुण्यात जातपात मानत नाही म्हणून नाकानं कांदे सोलणारा मी, आणि उंबऱ्याशी अडलो तो मीच. आईला म्हणालो, "तिथं आवाज घुमत नाही, कोरडा लागतो."

हलगी इंटरनेटवर टाकली तेव्हा तिच्यासोबत तेच लिहिलं. कोरड्या आवाजासाठी मुद्दाम कडब्याच्या खोलीत रेकॉर्ड केलेली. लोक खूश झाले. कुठल्या कुठल्या देशांतून निरोप आले, आणि हलगीपेक्षा खोलीचंच कौतुक जास्त. एकानं तर गवताचे भारे रचून तशी खोली उभी केली आणि मला फोटो पाठवला. प्रत्येकाला मी धन्यवाद लिहायचो.

यंदा गावी गेलो तेव्हा मामांना ऐकवायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आत नेऊन पलंगावर बसवलं, सुनेनं चहा आणला. पडद्यावर पट्ट्या उघडून मी फोन पुढं केला. मामांनी एका बोटानं चार-पाच ठोके वाजवले, स्वतःचाच आवाज ऐकून हसले. मग म्हणाले, "खाली लिवलंय काय? वाचून दावा की."

लिहिलेलं इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगत गेलो. त्यांचं नाव, गावाचं नाव, किती वर्षं वाजवतात ते. मग खोलीचं वाक्य आलं. गाळता आलं असतं, पण वाचलं, आणि वाचल्यावर राहवलं नाही.

"मामा, हे खोटं आहे. आवाजासाठी नव्हतं ते."

"ठाव हाय की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्याच दिशी कळलं. जाळ करता येत न्हाय तितं हलगीला कोण बसवंल? पर ऱ्हाऊ द्या तसंच. मास्तरीणबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या घरात त्यांचंच चालणार, तुमी तरी काय करणार? तुमच्या मनात तसलं न्हाय, ते दिसतंय मला."

एका वाक्याचं काम होतं. आईला हे ठाऊकही नव्हतं, उलट तिनंच मला जाब विचारला होता, एवढंच सांगायचं होतं. मी कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणालो, "हो, आई जरा तशी आहे."

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "मामांना एकदा जेवायला बोलवायचं राहूनच गेलंय बघ. ह्या खेपेला आलास की बोलाव. मला बी बोलायचंय त्यांच्याशी."

दोघं समोरासमोर बसले तर भाकरी ताटात पडायच्या आत सगळं उघडं पडेल.

"नको गं आई," मी म्हणालो. "त्यांनाच आपल्याकडं यायला आवडत नाही."