रिकाम्या हातांच्या मुली

"ज्यांच्याकडे स्वतःचे ग्लोव्हज आहेत त्यांनी रेषेच्या पलीकडे जा. बाकीच्यांनी इथेच थांबा."

नवे सर एवढंच म्हणाले. आवाज न चढवता. त्यांचा आमच्या कॉलेजातला तो पहिला दिवस. कर्वेनगरचं आमचं मैदान, सकाळची वेळ. त्यांच्या स्वतःच्या बेसबॉल अकॅडमीतल्या मुली त्यांच्याबरोबरच आल्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी आमच्या कॉलेजात प्रवेश घेतला होता. प्रत्येकीच्या खांद्याला स्वतःची बॅग, बॅगेत स्वतःचा ग्लोव्ह, दोघीतिघींची तर स्वतःची बॅट. त्या रेषेपलीकडे गेल्या. आम्ही आठजणी अलीकडे उरलो. हडपसर, मांजरी, फुरसुंगी. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, दोन बस बदलून येणाऱ्या.

आम्हाला वाटलं, आता ग्लोव्हज वाटतील. वैशाली किटच्या खोलीकडे निघालीसुद्धा. सरांनी तिला थांबवलं. कुठे निघालात, विचारलं.

"ग्लोव्हज आणते, सर. पोत्यात हायेत."

"ते कॉलेजचे. मी स्वतःचे म्हणालो."

मग ते आमच्यासमोरून एकेकीपाशी थांबत गेले. आडनाव विचारलं. मूळ गाव विचारलं. राहायला कुठे, ते विचारलं. रेषेपलीकडच्या एकीलाही आडनाव विचारलं नाही. वैशालीने फुरसुंगी सांगितलं. "फुरसुंगी म्हणजे कचरा डेपो ना?" सर म्हणाले. पलीकडे कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं.

"परतीची बस कितीला असते आपली? चुकवू नका."

अहो-जाहो करून हाकलणं मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे हाकलायचं असेल तर शिवी देतात, निदान कळतं तरी. इथे 'आपली' म्हणाले आणि आठजणींचं बेसबॉल संपवलं. कुणाला एक चेंडू टाकून बघितला नाही. कुणाला बॅट हातात दिली नाही.

आमचे जुने सर कंत्राटावर होते. त्यांचं कंत्राट कॉलेजने वाढवलं नाही. टीम हरत नव्हती, पण जिंकल्याचे फोटो चांगले येत नव्हते, असं आम्ही आपसात म्हणायचो. अर्धं हसत म्हणायचो. जुने सर महापालिकेच्या शाळांमधून फिरून मुली गोळा करायचे. दगड लांब फेकणारी मुलगी दिसली की तिच्या घरी जाऊन बसायचे. माझ्याही घरी आले होते. बेसबॉल म्हटल्यावर आईला बॉल बॅडमिंटन वाटलं. अजूनही ती लोकांना तेच सांगते. बाबांनी फक्त विचारलं, यातून पुढे काय? सर म्हणाले, पोरगी विद्यापीठाच्या टीममधून खेळली की प्रमाणपत्र मिळतं, खेळाडूंच्या जागांमधून पोलीस भरतीला उभी राहू शकते. बाबा हडपसरच्या कंपनीत मशीनवर आहेत. वाशीमकडून आले तेव्हापासून कंत्राटीच. 'भरती' हा शब्द ऐकला आणि त्यांनी मला परवानगी दिली.

माझं सगळं त्या प्रमाणपत्रावर होतं. आजही आहे.

त्या सकाळी आम्ही फाटकाकडे निघालो तेव्हा सरांनी मागून मला एकटीला हाक मारली. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर खेळते. शॉर्टस्टॉप म्हणतात. सगळ्यात जास्त चेंडू तिथे येतात, जमिनीवरून, वेडेवाकडे. अकॅडमीत त्या जागेवर कुणी नव्हतं. माझ्याबद्दल कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. सानिका नावाच्या मुलीकडे दोन ग्लोव्हज होते. त्यातला जुना त्यांनी मला घालायला लावला आणि बॅटने चेंडू मारत राहिले. मी अडवत राहिले. बाकीच्या सातजणी फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, हिच्यानंतर आपल्यालाही बोलावतील. मला तसं वाटलं का? नाही. मला फक्त चेंडू दिसत होता.

शेवटी सर जवळ आले.

"बरं आहे. तू त्यांच्यातली वाटत नाहीस."

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझ्या आडनावावर, माझ्या वस्तीवर, माझ्या मैत्रिणींवर एकाच वेळी थुंकल्यासारखं वाक्य होतं ते, आणि माझी कॉलर ताठ झाली. मी थँक यू सर म्हणाले. फाटकाकडे बघितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सरांनी कॉलेजचे टी-शर्ट गोळा करायचं काम मला दिलं. तुझ्या ओळखीच्या आहेत, म्हणाले. मी घरोघर गेले. एकीने दार उघडून फक्त हात बाहेर काढला. एकीची आई मला चहा घे म्हणाली, तिला काही माहीतच नव्हतं. वैशालीने टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवला होता.

"घे. डाग नाय राहिला कुठं," ती म्हणाली.

तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे आमच्या टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सेंटरला, म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभी राहून ती चेंडू थेट बॅटरमागच्या कॅचरच्या छातीत आणून सोडायची, मध्ये टप्पा नाही. नव्या सरांनी तो हात बघितलाच नाही. मला ठेवलं ते मी भारी होते म्हणून नाही, त्यांच्याकडची एक जागा रिकामी होती म्हणून. हे मला कळत होतं. कळूनही मी टी-शर्ट पिशवीत भरले आणि नेऊन दिले.

त्यानंतर मी बदलत गेले. कुठे राहतेस विचारलं की हडपसर म्हणताना 'आयटी पार्कच्या बाजूला' असं जोडायला लागले. डब्यातली भाकरी रुमालाखाली झाकून खायला लागले. वैशाली अजून कॉलेजात होती, तिची बस तीच होती. ती स्टॉपवर दिसली की मी उगाच मोबाइल काढायचे आणि मागच्या बसने जायचे. त्या बसमध्ये खिडकीपाशी बसून स्वतःला समजवायचे, की मी तिचं काय घेतलं? तिला सरांनी काढलं, मी नाही. घरी पोचेपर्यंत हे पटायचं. जेवताना परत टोचायचं.

मग वर्षाच्या शेवटी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागली. पहिलीच मॅच तालुक्याच्या एका कॉलेजशी. विद्यापीठाची टीम निवडणारे लोक बघायला येणार होते.

आमच्या बेसबॉलमध्ये एक रीत आहे. नियमांच्या पुस्तकात नाही, पण सगळे पाळतात. एका टीमची फील्डिंग संपली की मुली आपापल्या जागेवर ग्लोव्ह खाली ठेवून आत येतात. समोरच्या टीमची मुलगी येते, तोच ग्लोव्ह उचलते, तोच घालून खेळते. ग्लोव्हज महाग, दोन्ही टीमना पुरतील एवढे कुणाकडेच नसतात. समोरचीच्या घामाने ओला झालेला ग्लोव्ह आपण घालायचा, आपल्या घामाने ओला करून तिला ठेवायचा. जुने सर म्हणायचे, उपडा ठेवा गं, आत माती जाते. असं खेळतच आम्ही मोठ्या झालो.

मॅचच्या आधी नव्या सरांनी सगळ्यांना गोळा केलं. आपले ग्लोव्हज आपल्याबरोबर आत येतील, म्हणाले. आपण अन्नछत्र उघडलेलं नाही.

पहिली फील्डिंग आमची होती. संपली. सगळ्याजणी ग्लोव्ह घेऊन आत निघाल्या. मीही निघाले. समोरून त्यांची शॉर्टस्टॉप पळत आली. बारीक, काळी, तेल लावलेली घट्ट वेणी. माझ्या जागेवर येऊन तिने जमिनीकडे बघितलं. मग आजूबाजूला. मग माझ्याकडे.

"ताई, ग्लोव्ह?"

मी चालत राहिले.

त्यांच्याकडे चार ग्लोव्हज होते. कॅचरला, पहिल्या बेसला, दोन इकडे तिकडे. ही रिकाम्या हातांनी उभी राहिली. सानिकाने जोरात मारलेला चेंडू नेमका तिच्याकडे गेला. बेसबॉलचा चेंडू कातडी असला तरी आत दगडासारखा असतो. तिने तो दोन्ही हातांनी अडवला, उचलला, फेकला. सानिका आऊट. त्या पोरीने हात काखेत दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने खूण केली, काही नाही, चालू द्या. आमच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, कसल्या रानटी खेळतात यार. सगळ्या हसल्या. माझ्याही तोंडावर हसू आलं होतं. ते तसंच राहिलं आणि मला स्वतःची किळस आली.

कारण तो माझा हात होता. वैशालीचा, आमच्या आठजणींचा. शाळेत पहिलं वर्ष आम्ही तशाच खेळलो होतो, बोटं सुजवून. आणि आज सानिकाचा उतरलेला ग्लोव्ह घालून मी बाकावर बसून हसत होते.

दुसऱ्यांदा आमची फील्डिंग संपली तेव्हा मी ग्लोव्ह काढला. माझ्या जागेवर उपडा ठेवला. ती पोरगी येत होती, तिला म्हणाले, घे गं. आणि रिकाम्या हातांनी आत आले.

सर म्हणाले, ग्लोव्ह घेऊन ये. मी नाही म्हणाले. त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटलं म्हणून पुन्हा म्हणाले. ते शांतच होते.

"तो तुझा नाहीये. सानिकाचा आहे. दुसऱ्याच्या जिवावर दानधर्म करू नये."

खरंच तो माझा नव्हता. मी सानिकाकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल राहू दे. ती उठली, मैदानात गेली, त्या पोरीच्या हातातून ग्लोव्ह घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. सॉरी यार, म्हणाली. सानिका वाईट मुलगी नाही. तिला खरंच वाईट वाटलं असणार. पण ग्लोव्ह तिने आणला.

पुन्हा आमची फील्डिंग आली. मॅच अटीतटीची होती. सरांनी मला उभं केलं, खांद्यावर हात ठेवला. झालं गेलं विसर, म्हणाले, निवड समिती बघतेय. मग हळूच म्हणाले,

"तुला मी त्या सगळ्यांतून वर काढलंय. विसरू नकोस."

"सर, तुम्ही मला वर नाही काढलं," मी म्हणाले. "त्यांना बाहेर काढलं आणि मला ठेवून घेतलं. समोरच्यांना ग्लोव्हज ठेवणार असाल तर खेळते. नाहीतर नाही."

सरांनी दुसऱ्या मुलीला माझ्या जागेवर पाठवलं. मी बॅग उचलून बाहेर आले. आमचं कॉलेज जिंकलं. माझ्यावाचून काहीही अडलं नाही.

संध्याकाळी फुरसुंगीला गेले. वैशाली ओट्यावर भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. ती घासत राहिली. शेवटी हात धुऊन तिने विचारलं,

"तुला बी बाहेर बसवलं, मग आली व्हय?"

मी म्हणाले, मी स्वतःहून निघाले.

"ती पोरगी हात पुढं करून उभी नसती ऱ्हायली, तर आली असतीस?"

मला हो म्हणायचं होतं.

"नाय आली असतीस," ती म्हणाली. रागाने नाही. भांडी उचलून आत गेली.

बरोबर आहे तिचं. टी-शर्ट मागायला गेले तेव्हा मी तिचं दार शोधून काढलं होतं. त्यानंतर वर्षभर मला ते सापडलं नाही. माफ कर म्हणायलाही मला हक्क वाटला नाही, म्हणून म्हणाले नाही. नव्या वर्षाची निवड लागली की कळवते, एवढं सांगितलं आणि निघाले.

ती निवड या सोमवारी आहे. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. सरांनी सानिकाकडून निरोप दिलाय, सगळ्यांसमोर माफी माग, जागा तुझीच आहे. अकॅडमीत अजून शॉर्टस्टॉप तयार झालेली नाही. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "माफी मागाले का जाते तुयं? म्हणून टाक न." बाबा डबा उचलून कामावर निघून गेले. ते मला जास्त लागलं. माझ्या भरतीची वाट ते माझ्याहून जास्त बघतात. माफी मागितली नाही तर या वर्षी खेळता येणार नाही, आणि या वर्षी नाही तर कधीच नाही. मला हे नीट समजतं. मी हट्टाला पेटलेली नाही.

मी सातहीजणींच्या घरी जाऊन आले. चौघी येतो म्हणाल्या. एकीचं लग्न ठरलंय. एकीने दार लावून घेतलं. वैशाली अजून काही बोललेली नाही.

सोमवारी आम्ही जेवढ्या असू तेवढ्या मैदानावर जाणार. मी सरांना सांगणार, प्रत्येकीला चेंडू टाका. प्रत्येकीच्या हातात बॅट द्या. हात बघा, मग काढायचं तर काढा. आडनाव विचारायचं असेल तर पलीकडच्यांनाही विचारा. सर घड्याळ बघतील. मग माझ्याकडे बोट करून म्हणतील, तू एकटी ये.

मी जाणार नाही.