न उघडणारं फोल्डर

चाकणच्या आमच्या कंपनीत तो नेटवर्कवाला दोनच दिवस आला. ऑफिस, स्टोअर आणि डिस्पॅचचे कॉम्प्युटर वेगवेगळ्या गटांत टाकायचे आणि कुणाला काय उघडता येईल ते ठरवायचं, हे त्याचं काम. डिस्पॅचमधल्या माझ्या खुर्चीपाशी आला की आधी विचारायचा, “बसू का भाऊ?” नववीत शाळा सोडून नांदेडकडून आलेल्या मला असं कुणी विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कॉम्प्युटरवरून लेबलं छापली जाईनात. गाडी माल भरून उभी. सुपरवायझर ओरडले, “काय दाबलंस रे? उद्यापासून येऊच नकोस!”

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, कान खाजवला. “यानं काही केलं नाही, साहेब. प्रिंटर मीच चुकून ऑफिसच्या गटात टाकला.”

पाच मिनिटांत लेबलं आली, गाडी गेली. मग मला म्हणाला, “आता कंपनीच्या पार्टच्या ड्रॉइंगचं फोल्डर उघड बरं.” उघडेना. काल तर उघडत होतं. मला जरा लागलंच.

“आमच्यावर भरवसा नाही का, दादा?”

“तसं नाही राव. उद्या एखादं ड्रॉइंग बाहेर गेलं, तर आधी कुणाला धरतील?”

“मलाच,” मी म्हणालो.

“आता तुला नाही धरता येणार. तिथं तू जाऊच शकत नाहीस.”

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अजूनही जीव धास्तावला की मी ते फोल्डर एकदा उघडून बघतो. उघडत नाही. बरं वाटतं.