जाळ्याचा आमचा पट्टा

आमच्या भोयाच्या घरात कपाट नव्हतं, पण कुठली वस्तू कुठं आहे ते हाताला कळायचं. गळ मऊ लाकडाच्या तुकड्यात टोचून ठेवलेले, बारीक एका बाजूला, मरळीचे जाड दुसऱ्या बाजूला. त्यांच्यावरून करडईच्या तेलाचं बोट फिरवलेलं, म्हणजे गंज चढत नाही. जाळ्याच्या खालच्या दोरीला बांधायच्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या फुटक्या तोंडाच्या मडक्यात. पाण्यात तरंगायला कमरेला बांधायचे वाळलेले भोपळे आढ्याला. आणि चुलीच्या बरोबर वर, धुरात, मोठ्या जाळ्याचा आमचा पट्टा.

पट्टा म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात शहागडच्या खालच्या अंगाला गोदावरीत नुसते डोह उरायचे. ते डोह ओढायचं जाळं एका घराच्यानं विणून होणारं नव्हतं. म्हणून आठ घरांचे आठ पट्टे. वर्षभर ज्याचा त्याच्या घरी राहायचा. वैशाखात सगळे काठावर आणून एकाला एक बांधले की झालं जाळं. मासे निघाले की दर पट्ट्याला एक वाटा. पण बांधायच्या आधी माझे थोरले चुलते, ज्यांना सगळा काठ आबा म्हणायचा, प्रत्येक पट्टा ओला करून, पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढून बघायचे. गाठ सुटली, सूत तुटलं, तर पट्टा बाहेर. भोक एकाच्या पट्ट्याला असलं तरी मासे आठ घरांचे जातात. आणि पट्टा बाहेर म्हणजे ते घर जाळ्याच्या बाहेर.

वडील गेले तेव्हा मी हैद्राबादला कॉलेजात होतो. आमच्या काठावरचं पोरगं तोवर चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं आणि मी बी.ए. करत होतो, तेही, निजामाच्या राज्यातलं कॉलेज म्हणून, सगळं उर्दूतून. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. मागं आई एकटी. आबांनी शब्द दिला होता की पट्टा नीट आहे तोवर तिचा वाटा चालू राहील. तिला दुसरा आधार नव्हता.

त्या दिवाळीला मी सुट्टीत आलो तो बोर्डिंगातली टापटीप अंगात घेऊनच. मला घरात पहिल्यांदा काय दिसलं असेल तर ते चुलीवरचं काळं बोचकं.

"आई, हे धुरात कशाला टांगलंस?"

"धुरात हाय म्हणून हाय. उंदीर न्हाई, कसर न्हाई."

"त्याला डांबराच्या गोळ्या मिळतात."

"मिळत असतील बाबा. तू शिकलेला."

ते मला कौतुक वाटलं. मी पट्टा सोडा टाकून धुतला, दगडावर आपटला. बाभळीच्या सालीचा तपकिरी रंग नदीत वाहून गेला आणि खालून पांढरं सूत निघालं तेव्हा मला केवढा आनंद झाला! दुपारभर वाळवला, चौकोनी घडी केली, माझ्या पत्र्याच्या पेटीत गोळ्या टाकून ठेवला, कुलूप लावलं. आई कुडाला टेकून बघत राहिली. पेटी घरीच राहिली, किल्ली सदऱ्याच्या खिशात तशीच हैद्राबादला गेली.

उन्हाळ्यात परत आलो तो थेट ओढीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी डोक्यावर घेऊन काठावर गेलो आणि सगळ्यांसमोर उघडली. खरं सांगतो, मला मिरवायचं होतं.

आबांनी पट्टा आधी नाकाला लावला. "ह्ये जाळं हाय का नवरदेवाचा शेला?"

माणसं हसली. मीही हसलो. आबांनी तो ओला केला, अंगठ्यात अडकवला आणि ओढला. जुनं धोतर फाटावं तसा आवाज आला. एक ओळ गेली, तिच्यामागं दुसरी. घडीच्या आत, जिथं गाठींतली ओल राहून गेली होती, तिथं बुरशीचे हिरवट डाग होते.

"सोड्यानं धुतला व्हय? सूत टिकतं ते सालीच्या रंगानं, त्योच गेला, मंग ऱ्हायलं काय?" त्यांनी पट्टा गोळा करून माझ्या हातात दिला. "बाहेर."

आई बाभळीखाली उभी होती. थोरल्या दिराशी ती थेट बोलायची नाही, पदर ओढून मला म्हणाली, "त्यांला म्हणावं, चूक माझी हाय. कुलूप फोडाया पायजे व्हतं. शिकलेल्या पोराचं कुलूप, म्हणून हात न्हाई झाला."

आबांनी ऐकलंच होतं. नदीकडं बघत मला म्हणाले, "तिला म्हणावं, चूक कुनाची ते मासा इच्यारत न्हाई."

"म्हणावं, पुढल्या वैशाखापोतर नवा पट्टा देते."

"विणनार कोन? ह्यो सायब?" पुन्हा हशा. "तिला म्हणावं, पट्टा गड्याचा असतो. गडी न्हाई, आता पट्टा बी न्हाई. जागा राखायची कशाला?"

"म्हणावं, पट्टा इतकी वरसं चुलीवर व्हता. चूल माझीच हाय."

आबांनी काठावरचे बाकीचे पट्टे एकदा नजरेनं मोजले. मग म्हणाले, "पुढली वैशाखाची पैली ओढ. त्याच्याम्होरं न्हाई."

त्या वर्षी सात पट्ट्यांनी डोह ओढला. जाळं आखूड पडलं. कडेनं मासे पाणी कापत निघून चाललेले सगळ्यांना दिसत होते. माणसं माझ्याकडं पाठ करून मासे निवडत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुट्टीभर मी आईजवळ विणायला बसलो. लहानपणी येत होतं, बोटं विसरली होती. मी हातभर विणायचो, ती तेवढंच उसवायची. "तुझी गाठ देखनी हाय," म्हणायची, "पर सरकून राह्यली." पेटीतल्या पट्ट्याचा विषय तिनं एकदाही काढला नाही. तिच्या शेजारी बसून मला एक गोष्ट उमजली. धुरात टांगलेला पट्टा ती रोज बघायची. स्वयंपाक करता करता मान वर केली की तो समोर. मी तिच्या नजरेआड ठेवला होता. एवढं साधं कळायला मला कॉलेजातून घरी यावं लागलं. जूनमध्ये मी परत गेलो तेव्हा पट्टा अर्धाही झालेला नव्हता.

बाकीचा तिनं एकटीनं विणला. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आलो तर पट्टा सालीच्या काढ्यात बुडवून, वाळवून, काळपट होऊन चुलीवर टांगलेला. पहिल्या ओढीला मी तो खांद्यावर टाकून नेला. आबांनी ओला केला, अंगठ्यात अडकवून ओढला. मग अंग मागं टाकून दोन्ही हातांनी ओढला. गाठ हलली नाही.

बांधणाऱ्यानं विचारलं, "आबा, कुनाचा म्हणून बांधू?"

वाटे टाकताना गड्यांच्या नावानं हाक मारायची रीत होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी नुसती मान हलवली असती तर पट्टा माझ्या नावानं लागला असता. मी नोकरीला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं; आणि गडी गेला की पट्टाही गेला.

"माझा न्हाई," मी म्हणालो. "मी विणलेला तिनं सगळा उसवलाय. आईच्या नावानं बांधा."

कुणीतरी हळूच म्हणालं, "बाईच्या नावानं?"

आबांनी पट्टा पुन्हा एकदा बोटांवरून सरकवला. "कडंला नगं," ते म्हणाले. "मधात बांध. लई ताण तिथंच येतो. फाटायचा आसंल तर आजच फाटू दे."

दिवस माथ्यावर येईस्तोवर आम्ही ओढत होतो. कमरेएवढ्या पाण्यात दोर माझे तळवे सोलत होता आणि मी सारखा मधल्या पट्ट्याकडं बघत होतो. जाळं काठाला लागलं तेव्हा त्यात मरळी होत्या, वाम होती, हातभर लांबीची एक शिंगटी होती. आबांनी मासे बाजूला सारून आधी पट्टा चाचपला. फाटला नव्हता. मग वाळूवर त्यांनी आठ वाटे टाकले, मधल्या पट्ट्याचा आईच्या नावानं.