दहाव्याची शर्यत

नॉटिंगहॅममध्ये कावळ्यांना तोटा नाही. कचरा उचलायच्या दिवशी पिशव्या फाडून आमच्या अख्ख्या गल्लीची लाज बाहेर काढतात मेले. पण माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला मागच्या अंगणाच्या भिंतीवर पिंड ठेवला, तेव्हा एकही खाली उतरेना. समोरच्या छपरावर बसून माना वाकड्या करून नुसते बघत होते.

इथे अंत्यसंस्काराची तारीखच दोन-दोन आठवड्यांनी मिळते, त्यामुळे दिवस कुठून मोजायचे इथपासूनच घोळ होता. शेवटी पुण्याच्या गुरुजींनी दहनापासून मोजायला सांगितलं. आता ते फोनच्या स्क्रीनवरून सारखं विचारत होते, "शिवला का हो?"

हाउन्सलोहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदेने हात जोडले. "बाबा रे, तुझ्या लेकीचं शिक्षण पूर्ण करू. हिला एकटं पडू देणार नाही. आणखी काय हवंय तुला?" कावळे ढिम्म.

"इच्छा राहिली असेल काही," गुरुजी म्हणाले. "नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिवू."

गवताचा कावळा! माझा माणूस असा कसाबसा उरकून टाकलेला मला चालणार नव्हता. त्याचं कशात अडलंय ते मला पक्कं ठाऊक होतं, फक्त चारचौघांत बोलायची लाज वाटत होती.

लेक घरी असली की दर शनिवारी तो आणि ती पार्कात धावायला जायचे. परतताना गल्लीच्या टोकाच्या लाल पोस्टबॉक्सपासून आमच्या मागच्या फाटकापर्यंत दोघांची शर्यत लागायची. तो नेहमी उजवीकडून, भिंतीला धरून धावायचा. ती शाळेत असल्यापासून तो एकदाही जिंकला नव्हता. एकदा दया येऊन तिने मुद्दाम पाय ओढला, तर दिवसभर तिच्याशी बोलला नाही. "सोडलेली शर्यत मला नको," म्हणाला. "एक दिवस तुला खरं हरवीन."

मी हे लेकीच्या कानात सांगितलं. ती एडिनबराला प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकते. त्याने पोट भरणार आहे का, असं मी विचारायचे. तो मात्र तिच्याकडून सगळं कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "म्हणजे आपल्या जत्रेतल्या कुस्त्याच की गं. देवापुढे घाम गाळायचा."

"मग मी धावते," ती म्हणाली. "ग्रीक लोक तेच करायचे, आई. मोठा माणूस मेला की फ्युनरलला रेसेस. ऑलिम्पियात पण देवळाच्या आवारात एका हिरोची समाधी होती, तिथे बळी द्यायचे. रेस जिंकेल तो देवाच्या ऑल्टरवर आग पेटवायचा म्हणतात. इट वॉज वर्शिप. पण सगळा जोर लावला तरच. खोटं धावलेलं पोचत नाही."

"सुतकात पळणार?" नणंद कडाडली. "अगं, लोक काय म्हणतील?"

माझाही पारा चढला होता, पण तो छपरावरच्या त्या काळ्या पंचांवर. "जाऊ द्या तिला, ताई," मी म्हटलं.

ती बूट घालून पोस्टबॉक्सपाशी गेली. मी फाटकात उभी राहिले. ती निघाली ती डावीकडून, भिंतीकडची बाजू नेहमीसारखी मोकळी सोडून. धावताना दिसत होती ती एकटीच. पण आवाज येत होता तो दोघांच्या पावलांचा. गल्ली अरुंद आहे, विटांच्या भिंतींवर आवाज घुमतो, एवढं मलाही कळतं. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण फाटकाजवळ येताना ती उजवीकडे बघत होती.

गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत राहिली. चेहरा पांढराफटक. "मी सोडलं नाही, आई. शप्पथ. बाबा पुढे होता."

तेवढ्यात मागून नणंद ओरडली, "शिवला! शिवला!"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं मी कोणालाही सांगेन. गुरुजींनी स्क्रीनवरच नमस्कार केला, सगळ्यांना हायसं वाटलं, कोणीतरी चहा टाकला. मला मात्र तो पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. इतका वेळ तो निदान भिंतीपाशी अडकलेला तरी होता. मीच त्याला सोडवून घालवलं होतं.

परवा लेक सुट्टीला आली. शनिवारी पार्कातून परतायची तिची वेळ झाली तशी मी जाऊन फाटकात उभी राहिले. ती पोस्टबॉक्सपासून डावीकडूनच धावत आली. गल्ली तीच, भिंती त्याच. पावलं फक्त तिची ऐकू आली.

"जिंकलीस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मागे वळून बघितलं, आई. कोणीच नव्हतं."

"मग थोडी हळू धाव ना," मी म्हटलं.

तो असता तर या एका वाक्यावरून दिवसभर माझ्याशी बोलला नसता.