दोन टक्स

गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. उभी हयात पुरुषांचे शर्ट शिवण्यात गेली. ब्लाउज बायको शिवायची, पलीकडच्या मशीनवर. माप घेताना मास्तर गिऱ्हाइकाला हटकून म्हणायचे, "छाती वाढली हो! आता कुणाच्या बापाला भिऊ नका."

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली आणि मास्तरांचेच शर्ट छातीवर ताणू लागले. भर थंडीत घामाच्या धारा लागायच्या. डॉक्टर म्हणाले, औषधानं होतं असं. मास्तर "बरं" म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच "बरं" म्हणत.

नव्या शर्टाचं माप बायकोनं घेतलं. कापड बेतताना तिनं सवयीनं छातीखाली खडूनं दोन टक्स आखले, ब्लाउजला घालतात तसे. मग जीभ चावली. "अहो, पुसते हं. मेला हात सवयीनं गेला."

एरवी मास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. पुरुषाच्या शर्टाला टक्स! त्यांनी रागाची वाट पाहिली. तो आला नाही.

"राहू दे," म्हणाले, आणि स्वतःच टक्स मारून शर्ट पुरा केला.

शर्ट अंगाला अगदी बरोबर बसला. आरशात बघत मास्तर म्हणाले, "छाती वाढली हो."

पुढचं वाक्य त्यांना आठवलं नाही.